नौपाड्यातल्या छोट्या ऑफिसात झेनमॅप: जूनपासूनचा अनुभव

आमचं ऑफिस म्हणजे जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या आणि वर पोटमाळा. काम टॅक्सचं. माणसं मोजकी, पण वायफायला चिकटलेली डबडी भरपूर: प्रिंटर, हजेरीचं थंब मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, बॅकअपचा नॅस (नेटवर्कवरची साठवणपेटी), वर प्रत्येकाचा मोबाइल. या सगळ्यांची खानेसुमारी मी लिनक्स लॅपटॉपवर एनमॅप (नेटवर्कवर काय काय जोडलंय ते शोधणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचा खिडकीवाला अवतार झेनमॅप यांवर ठेवतो. दोन्ही फुकट. झेनमॅप पूर्वी नव्या लिनक्सवर बसायचंच नाही. २०२३ च्या ७.९४ आवृत्तीत ते पायथन ३ या नव्या प्रोग्रामिंग भाषेवर आलं, त्यामुळे पूर्वी कंटाळून सोडलं असेल तर परत बघा.

रोजच्याला नुसता पिंग स्कॅन (कोण चालू आहे एवढंच बघणारा) पुरतो, पण सुडो, म्हणजे लिनक्सचे मुख्य अधिकार, लावूनच. तेव्हा तो एआरपीने (एकाच नेटवर्कवरच्या यंत्रांची थेट हाक) विचारतो आणि फायरवॉलआड गप्प बसलेला विंडोज पीसीसुद्धा ‘हजर’ म्हणतो. सुडोशिवाय ८० आणि ४४३ हे पोर्ट (वेबसाइटची नेहमीची दारं) ठोठावून बघतो, मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) ही दाखवत नाही, आणि यादी निम्मी येते.

स्कॅनमध्ये यंत्रापुढे दिसणाऱ्या कंपनीच्या नावावर फार विसंबू नका. ते मॅकच्या पहिल्या २४ बिटांवरून येतं, म्हणजे बऱ्याचदा आतल्या चिपवाल्याचं असतं. ‘एस्प्रेसिफ’ नावाचा पाहुणा कोण म्हणून शोधलं, तर पाण्याच्या पंपाचा स्मार्ट प्लग निघाला! मोबाइलचं आणखी वेगळं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला बनावट मॅक देतात. ओळखायची खूण सोपी: मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असलं की पत्ता कारखान्यातला नाही.

झेनमॅपमधली नकाशाची खिडकी दिसायला झकास, उपयोगाला बेताची. एकाच नेटवर्कवर सगळेच एका उडीवर (मध्ये दुसरा राउटर नाही), त्यामुळे लॅपटॉपभोवती नुसतं रिंगण दिसतं. वायरी जोडणाऱ्या साध्या स्विचला आयपीच (नेटवर्कवरचा पत्ता) नसतो, तो चित्रात येणार कुठून? कुठली वायर कुठे जाते हे शेवटी शिपाईकाकांनी पोटमाळ्यावर बॅटरी धरून दाखवलं, मी चिठ्ठ्या डकवल्या.

खरी कमाई दोन स्कॅन शेजारी ठेवून फरक दाखवणाऱ्या सोयीत. पावसात लाइट जाऊन आली की प्रिंटरचा आयपी बदलायचा आणि ‘प्रिंट जात नाही’चा गजर सुरू. फरक बघितल्यावर कारण लगेच कळलं. राउटरमध्ये प्रिंटर, नॅस आणि डीव्हीआरचे आयपी त्यांच्या मॅकला बांधून टाकले. आता तो गजर बंद आहे.

सर्व्हिस ओळखणारा खोल स्कॅन मी ऑफिस सुटल्यावरच लावतो. प्रिंटरचा ९१०० पोर्ट एनमॅप त्यात आपणहून वगळतो, नाहीतर कागदावर कचरा छापून येतो. गेस्ट वायफायवरची मंडळी मात्र आतून दिसत नाहीत; त्यांच्यासाठी राउटरचंच पान उघडावं लागतं.