प्रयोग खरे, भांडी खोटी

‘महिला मंडळासाठी मोफत पाककृती आणि आरोग्य प्रात्यक्षिक’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला तर हे वाचून मग हॉलची किल्ली द्या. नाशिकमध्ये ही मंडळी आमच्याकडे येऊन गेली, त्यानंतर शेजारच्या दोन सोसायट्यांत गेली. तिन्हीकडे तोच पांढरा एप्रन, तीच वाक्यं आणि शेवटी ‘फक्त आजचा दिवस’ म्हणून असलेला स्टीलच्या भांड्यांचा तोच सेट.

आमच्याकडे मुहूर्त हळदीकुंकवाचा साधला होता. वाण म्हणून प्रत्येकीला स्टीलची चहाची गाळणी. फुकटची गाळणी हातात पडल्यावर उठून जायला कोणालाही बरं वाटत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बोलणारा माणूस गोड होता. तरुणींना ताई, सासूबाईंच्या वयाच्या बायकांना आई. स्वतःची ओळख ‘आहारसल्लागार’ अशी करून दिली. भांडी विकायला आलोय हे पहिला अर्धा तास तोंडातून निघालं नाही. बोलणं सगळं गुडघेदुखी, पित्त आणि विसरभोळेपणाचं.

मग प्रयोग सुरू झाले. ते नीट सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे.

शेगडीवर एक जुनं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आधीपासून उकळत होतं. पाण्यात खायचा सोडा. शेजारी त्यांचं चकचकीत स्टीलचं पातेलं, त्यातही सोड्याचं पाणी, पण ते बरंच उशिरा चढवलेलं. दोन्हीतलं पाणी कागदी कपांत ओतून आम्हाला चाखायला दिलं. स्टीलमधलं नुसतं खारट-तुरट लागलं. अ‍ॅल्युमिनियममधलं जिभेवर ठेववेना, साबण आणि गंजकी चावी एकत्र चाटल्यासारखं. दोघीतिघींनी तर थुंकलंच. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “आई, हेच रोज नातवंडांच्या पोटात जातंय.”

प्रयोग शंभर टक्के खरा होता. खायचा सोडा उकळला की त्याचा धुण्याचा सोडा होतो. अ‍ॅल्युमिनियमवर जी पातळ संरक्षक पापुद्र्यासारखा थर असतो तो या अल्कलीत विरघळतो आणि मग धातूही पाण्यात उतरतो. पण सोड्याचं पाणी अर्धा तास उकळून पितं कोण? आणि स्टीलमध्ये चव बिघडत नाही हे सिद्ध करायला तीस रुपयांची वाटीसुद्धा पुरली असती. अ‍ॅल्युमिनियममध्ये चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचं सार तासन्‌तास ठेवू नये हे खरंच आहे, आपल्या आज्या ते सांगतच आल्या आहेत. त्यासाठी साडेएकवीस हजारांचा सेट लागत नाही.

माझ्या सासूबाईंनी तिथेच विचारलं होतं, “सोडा कशाला? दूध तापवा की दोन्हीत, आणि द्या प्यायला.” माणूस हसला. “आई, तुमच्यासारख्या हुशार गृहिणी असल्या की आम्हाला कामाला मजा येते,” म्हणाला आणि पुढच्या प्रयोगाकडे वळला. दूध काही तापवलं नाही.

पुढचा प्रयोग लोहचुंबकाचा. त्यांच्या पातेल्याला चुंबक चिकटला नाही. “बघा, 304. सर्जिकल स्टील.” 304 म्हणजे स्टीलची चांगली, महाग प्रत. पातेल्याच्या बुडावर 304 कोरलेलंही होतं. त्यानंतर कढई कोरडीच कडक तापवून पाण्याचे थेंब टाकले. थेंब पाऱ्यासारखे गोल होऊन घरंगळायला लागले. “कोटिंगशिवाय नॉनस्टिक!” टाळ्या पडल्या. शेवटी झाकण उचलून दाखवलं तर उचलेना, अख्खं पातेलंच वर आलं. “व्हॅक्यूम सील. जीवनसत्त्वं आतच.”

एमआरपी 46,000, त्या दिवशीची किंमत 21,500. आणि वर मोड घेणार, जुनी तांब्यापितळेची भांडी. हे ऐकल्यावर हॉलमधलं वातावरणच पालटलं. प्रत्येकीच्या माळ्यावर काहीतरी असतंच. आमच्या माळ्यावरून आजेसासूबाईंचा तांब्याचा बंब निघाला, दोन पितळी डबे आणि एक पातेलं.

वजन हुकाच्या काट्यावर केलं. म्हणजे हातात धरायचा, खाली आकडा असलेला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. बंबाची लोखंडी जाळी काढून बाजूला ठेवली, ते बरोबरच. बंब भरला 6.8 किलो, पितळ 5.2. वरून दहा टक्के घट, ‘झाळण आणि मळ’ म्हणून. उरलेल्या 10.8 किलोला सरसकट 450 चा भाव. 4,860 रुपये वजा जाऊन 16,640 यूपीआयने भरले. खातं कंपनीच्या नावाचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. विचारल्यावर “अकाउंटंटचं आहे, कंपनीच्या क्यूआरला आज प्रॉब्लेम आहे,” असं उत्तर आलं. यूपीआयने पैसे देणाऱ्या सगळ्याच घरांत हेच उत्तर गेलंय.

बंब देण्याआधी माझ्या नवऱ्याने त्याच्या बुडाचा फोटो काढला होता, आजीचं नाव कोरलेलं होतं म्हणून, आठवण. त्या फोटोत नावाच्या शेजारी कारागिराने ठोकलेले बारीक आकडे दिसतात: 9.450. जुन्या भांड्यांवर विकतानाचं वजन असं ठोकलेलं पुष्कळदा सापडतं. वापराने तांबं झिजतं, पण अडीच किलो झिजायला त्या बंबाला कित्येक पिढ्या लागल्या असत्या.

सेट वापरायला काढल्यावर आधी कढई बिघडली. विकताना ‘ट्रायप्लाय’ म्हटलं होतं. ट्रायप्लायमध्ये स्टील, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, पुन्हा स्टील असे तीन थर बुडापासून काठापर्यंत एकजीव असतात, म्हणून आंच सगळीकडे सारखी लागते. या कढईत जाड होतं ते फक्त बूड, खाली चिकटवलेल्या चकतीमुळे. बाजू इतक्या पातळ की पोहे परतताना कडेचे करपायचे आणि मधले कच्चे राहायचे. काही आठवड्यांत चकतीच्या कडेला फट पडली. धुताना तिच्यात पाणी शिरायचं आणि शेगडीवर ठेवलं की आतून चर्र असा आवाज यायचा. एकदा तर चांगला फट्‌ असा आवाज झाला.

पण खरी भीती कानाची वाटली. तळणी झाल्यावर गरम तेलाची कढई उतरवताना एका बाजूचा कान सैल पडला. दैवाने ती खाली ओट्यावरच टेकली. थंड झाल्यावर पाहिलं तर कान कढईला रिवेटने, म्हणजे आरपार ठोकलेल्या खिळ्याने, बसवलेला नव्हताच. आतून हात फिरवला तर गुळगुळीत, आणि बाहेरून जिथून तो सुटला तिथे मुगाच्या दाण्याएवढे दोन काळपट ठिपके. स्पॉट वेल्डिंगचे, म्हणजे नुसत्या ठिपक्यापुरत्या जोडाचे. एक पूर्ण सुटलेला, दुसरा अर्धा. एवढ्या आधारावर दोन लिटर उकळतं तेल पेलायचं! कोणाच्या हातात लहान मूल असतं तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

ती कढई घेऊन भांडी बाजारात आमच्या नेहमीच्या दुकानात गेले. दुकानदार काकांनी आधी ती हातात तोलली, मग काठावरून नख फिरवलं. “ट्रायप्लायचा काठ घासून बंद केलेला नसला तर तीन रेघा दिसतात, यात एकच पत्रा आहे.” मग गल्ल्यातून एक छोटी बाटली आणि बॅटरी लावलेली पेटी काढली. भंगारवाले आणि ठोक व्यापारी स्टील तपासायला वापरतात ती. कढईवर एक थेंब टाकला, तार टेकवली. थेंब बघता बघता लाल झाला. शेजारी त्यांच्या दुकानातल्या 304 च्या पातेल्यावर तोच थेंब पिवळसरच राहिला.

लाल होतो तो मँगनीजमुळे. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून 200 मालिकेतल्या स्टीलमध्ये ते कमी करून मँगनीज वाढवतात. बाजारात ‘जे-फोर’ म्हणतात त्यात तर निकेल एका टक्क्याच्या आसपास असतं. आणि गंमत अशी की चुंबक यालाही चिकटत नाही. उलट अस्सल 304 चा पत्रा दाबून खोल आकार दिला की तो कधीकधी चुंबकाला किंचित ओढ देतो. इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाला तर चुंबक चिकटलाच पाहिजे. म्हणजे हॉलमधल्या चुंबकाने काहीच सिद्ध केलेलं नव्हतं.

काकांनी हेही स्पष्ट सांगितलं की 200 मालिकेचं स्टील म्हणजे विष नव्हे, स्वस्त ताटं-वाट्या त्याच्याच असतात आणि घरोघरी वापरात आहेत. मीठ आणि आंबटापुढे ते 304 इतकं टिकत नाही, लवकर डागाळतं. ज्याचा जो भाव त्याला तो द्यावा. तसला माल ते किलोवर विकतात, आणि आमच्या अख्ख्या सेटची किंमत त्यांनी जी सांगितली ती ऐकून मी खुर्चीवरच बसले.

“पण 304 कोरलंय ना बुडावर?” मी विचारलं. काकांनी काही न बोलता नाव घालायचं मशीन उचललं, लग्नाच्या भांड्यांवर ‘चि. सौ. कां.’ कोरतात तेच. गल्ल्याजवळच्या सगळ्यात हलक्या वाटीच्या बुडावर सुर्र सुर्र करून 304 लिहिलं आणि वाटी माझ्यापुढे सरकवली.

थेंब घरंगळण्याचं म्हणाल तर कुठलाही स्टीलचा तवा पुरेसा तापला की तेच होतं. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो तिच्यावर तरंगतो. अंडं घालून बघा, चिकटतं की नाही ते. आणि झाकण घट्ट बसतं ते आतली वाफ निवून दाब कमी झाल्यामुळे. आपल्या डाळीच्या पातेल्यावरचं ताटसुद्धा असं बसतं, त्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही.

आता मी भांडं घेताना काय बघते ते सांगते. कान किंवा दांडा आरपार रिवेटचा आहे का हे आत हात घालून बघायचं. तव्यासारख्या एकसंध बिडाच्या भांड्याला हा प्रश्नच नाही, पण तिथेही काळा रंग फासलेला लोखंडी पत्रा बिडाचा म्हणून खपवतात. बोटाने टकटक केली की पत्रा खणखणतो, बीड बद्द वाजतं. स्टीलच्या भांड्यावर कोरलेल्या आकड्यापेक्षा आयएसआयची खूण बघायची, स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस 14756, कुकरसाठी आयएस 2347. त्या खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो टाकला की परवाना कोणाचा आणि कुठल्या वस्तूचा ते दिसतं. खूण खोटी मारता येते, पण क्रमांक तिथे जुळवणं अवघड. दुकानदार अ‍ॅप उघडू देत नसेल तर मला पुढे काही विचारावं लागत नाही.

मोड देताना तांबं आणि पितळ वेगळं तोलून घ्यायचं, तांब्याचा भाव नेहमीच चढा असतो. आमचा बंब त्यांनी पितळेच्या हिशोबात घातला, आणि काकांच्या मते लावलेला भाव तेव्हाच्या पितळेच्या मोडीपेक्षाही कमी होता. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते. त्यांच्या हुकाच्या काट्यावर चिनी अक्षरांचं स्टिकर होतं, बाकी काही नाही. घरातल्या वजनकाट्यावर आधी आपलं आपण तोलून ठेवलं तर दोन मिनिटांत कळतं.

आमची पावती म्हणजे ‘अंदाजपत्रक’ असा मथळा असलेला कागद निघाला. त्यावरचा जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होतो, महाराष्ट्राचा कोड, इथवर ठीक. पण अक्षरं मोजली तर चौदा. असायला हवीत पंधरा. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता नाही, ग्राहक सेवेचा संपर्क म्हणून एकच मोबाइल नंबर, आणि तो आता ‘अस्तित्वात नाही’.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. पोलिसांत अर्ज दिलाय, त्यात यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि बंबाचा फोटो जोडलाय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, सदोष माल परत न घेणंही. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवस धरतात, म्हणून दोष दिसला की लगेच लेखी कळवा. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विक्रेता कुठलाही असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. आमच्यातल्या एकीने क्रेडिट कार्डाने पैसे दिले होते, तिने बँकेत हरकत घेतली आहे, ते प्रकरण चालू आहे. बंब मात्र गेला तो गेलाच. तो एव्हाना कुठल्यातरी भट्टीत वितळला असेल, असं सासूबाई स्वतःच म्हणतात, आणि विषय बदलतात.

तुमच्याकडे हा सेट आला असेल तर खोकं टाकू नका, त्यावरचा बॅच नंबर आणि पावतीचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, आणि कढईचे कान हलतात का ते आज तेल घालण्याआधी बघा. हॉल ज्यांनी दिला त्या सोसायटीच्या रजिस्टरमध्ये आलेल्या माणसाची सही आणि गाडीचा नंबर असतो, आम्हाला पोलिसांना देण्यासारखं तेच सापडलं.