आई न पाहता आणलेलं पिल्लू

पेढा, आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू, आमच्याकडे सहा दिवस होता. रविवारी दुपारी आला आणि पुढच्या शनिवारी पहाटे त्याने दवाखान्यात जीव सोडला. हे लिहायला मला तीन महिने लागले, कारण त्याचं नाव निघालं की अजूनही मुलं गप्प होतात. पण मागच्या आठवड्यात शेजारच्या इमारतीतल्या मैत्रिणीने विचारलं, "आम्हालाही लॅब्रॅडॉर घ्यायचाय गं, तुम्ही कुठून आणला होतात?" तिला जिन्यातच उभी राहून सगळं सांगितलं, आणि आता इथे लिहिते आहे.

आम्ही पुण्यात तळजाईच्या पायथ्याशी राहतो. लेक अकरा वर्षांची, धाकटा सात वर्षांचा. घरात कुणालाच बसून राहायची सवय नाही. रोज सकाळी टेकडी, जमेल त्या रविवारी सिंहगड. मुलं दोन वर्षं कुत्रा मागत होती आणि आम्ही टाळत होतो, कारण ही बारा-तेरा वर्षांची जबाबदारी आहे हे आम्हाला कळत होतं. हो म्हटलं तेव्हाही घाई केली नाही. निदान तसं वाटत होतं.

धाकट्याला निळ्या डोळ्यांचा हस्की हवा होता. तो पहिल्याच दिवशी बाद केला. सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी तयार झालेलं, अंगावर केसांचे दोन थर असलेलं जनावर एप्रिलच्या पुण्यात तिसऱ्या मजल्यावर ठेवायचं, हे मनाला पटेना. बीगलवर बरेच दिवस मन रेंगाळलं. आटोपशीर बांधा, मुलांशी जमतं, दमणं माहीत नाही. पण ओळखीतल्या एकांचा बीगल टेकडीवर सोडला की नाक जमिनीला लावून वासामागे जायचा, तो हाका मारूनही फिरायचा नाही. सशांचा माग काढण्यासाठीच ती जात घडवलेली, त्यात त्याचा काय दोष? शेवटी लॅब्रॅडॉर ठरला. टाकलेली वस्तू आणून द्यायची हौस, पाण्याची ओढ, परक्यांशीही सलोखा. रोज तास-दीड तास पळवावा लागतो, नाही पळवला तर चपला-सोफे कुरतडतो आणि अंगाने सुटतो, हेही समजून घेतलं. लेकीने वहीत सकाळ-संध्याकाळच्या पाळ्या लावल्या.

जात ठरवायला आम्ही तीन महिने घेतले. विकणाऱ्याची चौकशी करायला तीन दिवससुद्धा दिले नाहीत.

जुन्या-नव्या वस्तूंच्या जाहिराती असतात तशा एका ठिकाणी त्याची जाहिरात होती. "हेवी बोन, पंच फेस, विथ पेपर." म्हणजे जाड हाडांचं, रुंद तोंडाचं, नोंदणीच्या कागदांसह. फोन केला तर माणूस अतिशय अदबीने बोलला. मुलं किती वर्षांची, फ्लॅट आहे का बंगला, दिवसा घरी कोण असतं, आधी कुत्रा पाळलाय का, सगळं विचारलं. चांगला ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारा, असेच प्रश्न विचारतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे माझा निम्मा विश्वास तिथेच बसला. आता आठवतं ते वेगळंच. मी बीगल म्हटलं तेव्हा त्याच्याकडे बीगलची पिल्लं होती. गोल्डन रिट्रीव्हर म्हटलं तर त्याचीही होती. हस्कीचा नुसता विषय निघाला, तर म्हणाला, "मॅडम, इथेच जन्मलेला आहे, एसीची गरज नाही." मनापासून कुत्री वाढवणाऱ्याकडे एक जात असते, फार तर दोन, आणि पिल्लं होईपर्यंत तो थांबायला लावतो. ज्याच्याकडे प्रत्येक जातीचं पिल्लू कधीही हजर असतं, तो दुसऱ्याचा माल फिरवणारा असतो. एवढी साधी गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

पिल्लाची आई बघायला येतो म्हटलं, तर उत्तर तयार होतं. "मॅडम, मदर फार्मवर आहे. बाहेरचे लोक आले की पिल्लांना इन्फेक्शन होतं, म्हणून आम्ही कुणालाच आत घेत नाही. तुम्हाला व्हिडिओ पाठवतो." व्हिडिओ आला. हिरवळीवर उभी असलेली देखणी, फिकट रंगाची मादी, शेपटी हलवणारी. त्यानंतर दुसरा व्हिडिओ, टोपलीत चार पिल्लं. आई आणि पिल्लं एकाही व्हिडिओत एकत्र नव्हती. आम्ही चौघांनी ते व्हिडिओ कितीदा पाहिले असतील, पण हे कुणालाच खटकलं नाही.

किंमत पंचवीस हजार, केसीआयच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या, कागदांसह. पाच हजार टोकन लगेच, कारण "संध्याकाळी मुंबईची पार्टी येतेय". नवऱ्याने यूपीआयने पाठवले. ज्या नावावर गेले ते नाव फोनवरच्या माणसाचं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "मिसेसचं अकाउंट आहे, सर."

पिल्लू घ्यायला बोलावलं ते खेड शिवापूरच्या अलीकडे, हायवेलगतच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये. फार्म तिथून आत आहे, रस्ता खराब आहे, तुमची गाडी खालून घासेल, असं कारण सांगितलं. एक मुलगा गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर फळांचे तीन खोके होते. त्यातल्या एकातून त्याने पिल्लू काढलं. अंगाला पावडरचा वास, केस अजून ओलसर. डिसेंबरात एवढ्या लहान जिवाला अंघोळ का घातली असेल, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. पुढच्याच क्षणी धाकट्याने त्याला मांडीवर घेतलं, त्याने धाकट्याचं बोट तोंडात धरलं, आणि लेक म्हणाली, "आई, हा अगदी पेढ्यासारखा दिसतो." त्यानंतर मी काहीच विचारलं नाही. पिल्लू मुलांच्या मांडीवर आलं की आई-बाप भाव करत नाहीत आणि परतही फिरत नाहीत, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पिल्लू बघायला पहिल्यांदा जाल तेव्हा मुलांना घरी ठेवा, एवढं तरी माझं ऐका.

कागदांचं विचारलं तर गाडीवाला मुलगा म्हणाला, "मी फक्त डिलिव्हरीला आलोय, काका." कागद चेन्नईहून कुरिअरने येतील, असं फोनवर कळलं. केनेल क्लब ऑफ इंडियाचं कार्यालय चेन्नईत आहे हे खरं, म्हणून तेही पटलं. लसीकरणाचं एक कार्ड मात्र हातात दिलं. उरलेले वीस हजार तिथेच पाठवले.

सोमवारी संध्याकाळी पेढा दमल्यासारखा वाटला. नवी जागा आहे, आईची आठवण येत असेल, असं मुलांना सांगितलं. मंगळवारी सकाळी त्याने दूध तोंडाला लावलं नाही, दोनदा उलटी केली आणि दुपारी रक्ताची हगवण सुरू झाली. तो वास मी विसरू शकत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी शी तपासायची पट्टी वापरली. दहा-पंधरा मिनिटांत दोन रेघा उमटल्या. पार्व्हो. पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा, बऱ्याचदा जीव घेणारा विषाणू.

डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून दात पाहिले. जाहिरातीत "४५ दिवसांचं" लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "दाढा आत्ता कुठे डोकावतायत. हे जेमतेम पाच आठवड्यांचं आहे. आणि ४५ दिवसांचं असतं तरी ते विकायला परवानगी नाही." ते मी पहिल्यांदा ऐकत होते. २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्र सरकारचे नियम आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही, विकण्याआधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली ओळख क्रमांकाची इवलीशी चिप, बसवायची. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिला गाभण करायचं नाही, वर्षात एकाहून जास्त वेत नाही, जन्मभरात पाचांहून जास्त नाहीत. आमच्यासारखी शिकलेली माणसं पंचवीस हजार मोजतात आणि नोंदणीचा दाखला मागावा हेच त्यांना माहीत नसतं, म्हणून "४५ दिवसांचं पिल्लू" असं राजरोस छापता येतं.

डॉक्टरांनी पेढ्याच्या मानेवरून स्कॅनर फिरवला. चिप असती तर पंधरा आकडे दिसले असते. काही दिसलं नाही. केसीआयची नोंद चिपच्या नंबराशी जोडलेली असते, तेव्हा आमचे चेन्नईचे कागद कधीच येणार नव्हते. लसीकरणाच्या कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर नव्हतं, बॅच नंबर नव्हता, आणि शिक्क्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नव्हता. कार्डावर लस टोचल्याची जी तारीख होती, त्या दिवशी पेढा तीन आठवड्यांचा असणार. त्या वयात ही लस देतच नाहीत. ती साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते.

पार्व्होला मारणारं खात्रीचं औषध नाही. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, ऊब, आणि मग वाट पाहणं. लेक शाळेतून थेट दवाखान्यात यायची आणि काचेपलीकडून त्याच्याकडे बघत बसायची. एवढ्याशा पायात सुई, त्यावर निळी पट्टी. गुरुवारी त्याने मान वर करून शेपटी दोनदा आपटली, तेव्हा आम्ही सगळे रडलो, बरा होतोय म्हणून. शनिवारी पहाटे साडेचारला फोन आला.

विकणाऱ्याला मी मंगळवारीच फोन केला होता. आधी तो म्हणाला, "पाणी बदललं की होतं असं, ओआरएस द्या." रिपोर्ट पाठवल्यावर आवाज बदलला. "मॅडम, माझ्याकडून हेल्दी गेलं होतं. तुमच्याकडेच काहीतरी लागलं असणार." हे मात्र साफ खोटं आहे, आणि ते कसं ओळखायचं हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला सहसा तीन ते सात दिवस लागतात. पेढा रविवारी दुपारी आला, सोमवारी संध्याकाळी मलूल झाला. म्हणजे तो येतानाच आजार घेऊन आला होता. डॉक्टरांनी हे तारखांसह लेटरहेडवर लिहून दिलं. असं काही घडलं तर तसं लिहून जरूर मागा, आणि पिल्लू घरी आणायच्या आधीच दवाखान्यात न्या, म्हणजे पहिल्या तासातली नोंद हातात राहते.

पेढा गेल्यावर विकणाऱ्याने स्वतःहून नवऱ्याला मेसेज केला. "भाऊ, वाईट वाटलं. मुलांसाठी रिप्लेसमेंट देतो, फक्त डिलिव्हरीचे तीन हजार द्या." नवरा क्षणभर विरघळला होता. धाकटा रात्री झोपेत रडत होता, म्हणून. डॉक्टरांनी फोनवरच अडवलं. हा विषाणू घरात महिना-महिना टिकतो, सावलीतल्या ओल्या मातीत त्याहूनही जास्त, आणि साध्या फिनाइलने मरत नाही. ब्लीचचं पाणी लागतं. सगळ्या लसी पूर्ण झालेल्या नाहीत असं पिल्लू काही महिने तरी या घरात पाऊल टाकता कामा नये. तसं ते बदली पिल्लू आणलं असतं, तर मुलांनी आणखी एक मरण पाहिलं असतं. कुत्र्यांच्या धंद्यात राहून त्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

मग तक्रारी. सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर आम्ही आठवड्याने लावला. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. व्यवहार झाल्याबरोबर फोन केला असता, तर निदान रक्कम गोठवता आली असती. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी "कुत्र्यासाठी आलात?" असं विचारलं. आम्ही भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमाखाली फसवणुकीचा अर्ज लिहून नेला, सोबत खोटं कार्ड, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि डॉक्टरांचं पत्र, तेव्हा तो घेतला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५वरही नोंद केली आहे. पंचवीस हजार आणि उपचारांचे अठरा हजार परत मिळतील असं वाटत नाही. अर्ज मात्र मागे घेणार नाही.

त्या दिवसांत डॉक्टर एक गोष्ट बोलल्या, ती मनात राहिली आहे. "तुम्ही लॅबचा स्वभाव वाचून लॅब निवडलात. पण पिल्लाचा स्वभाव कुठे घडतो? आईच्या पोटाशी, भावंडांशी मस्ती करताना. किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो, हे ते तिथे शिकतं. पाचव्या आठवड्यात ओढून आणलेलं लॅब वाचलं असतं, तरी ते तुम्ही वाचलेलं लॅब झालं असतंच असं नाही." आई पाहायची असते ती यासाठी. ती अनोळखी माणसाला घाबरते का, मुलं जवळ गेली की दात दाखवते का, तिच्या कमरेची हाडं वर आली आहेत का, ती पिंजऱ्यात आहे की माणसांत. तो व्हिडिओ पाहताना त्या मादीचा मी एकदाही विचार केला नाही. पेढ्याची खरी आई कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये असेल आणि आता तिचं कितवं वेत असेल, हे अलीकडे रात्री डोक्यात येतं.

मुलं शनिवारी एका आश्रयस्थानात कुत्र्यांना फिरवायला जातात. तिथे तीन वर्षांची एक गावठी कुत्री आहे, लसी पूर्ण झालेली, टेकडी चढताना लेकीच्या पायाशी राहणारी. अजून काही ठरलेलं नाही. धाकटा तिच्या जवळ जातो, पण हात लावत नाही.

परवा ती जाहिरात पुन्हा दिसली. नंबर नवा, भाषा तीच. मैत्रिणीच्या फोनवरून मी आई बघायला येऊ का म्हणून विचारलं. शब्दाला शब्द तेच उत्तर आलं, फार्मवर आहे, इन्फेक्शन, व्हिडिओ पाठवतो. व्हिडिओही तोच. ते सगळं पोलिसांकडच्या अर्जाला जोडलं आहे. हिरवळीवर फिकट रंगाची लॅब्रॅडॉर मादी, गळ्यात लाल पट्टा, मागे भिंतीला टेकवलेलं निळं पिंप आणि दोरीवर वाळत घातलेली पिवळी चादर. हा व्हिडिओ तुमच्याकडे आला असेल, तर टोकन पाठवू नका, आणि तो नंबर जवळच्या पोलीस ठाण्यात नेऊन द्या.