‘बडीची हवा तुमच्या मनगटावर’: सेकंडहँड ट्रान्समीटरच्या जोडीत झालेली फसवणूक

जाहिरात अशी होती: स्कुबाचे (सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली पोहण्याचे) दोन वायरलेस ट्रान्समीटर, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब मनगटावरच्या कॉम्प्युटरला कळवणारी यंत्रं, एक करडा, एक पिवळा, जोडी २८,००० रुपयांना. ‘कोणत्याही डाइव्ह कॉम्प्युटरला चालतात, रेंज १० मीटर, बडीची हवा तुमच्या मनगटावर.’ बडी म्हणजे पाण्याखालचा सोबती. सोबत व्हिडिओ. टेबलावर दोन सिलिंडर आडवे, मधोमध कॉम्प्युटर, पडद्यावर १९८ आणि २०३ बार (बार हे दाबाचं एकक). पैसे यूपीआयने गेले, माल कुरियरने आला. व्हिडिओत काही खोटं नव्हतं. खोट होती ती टेबलाच्या लांबीत.

रेडिओवर चालणारे बहुतेक ट्रान्समीटर ३८ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे फारच कमी फ्रिक्वेन्सीवर बोलतात. कॉम्प्युटरपर्यंत पोचतं ते जवळचं चुंबकीय क्षेत्र, आणि अंतर दुप्पट झालं की त्याची ताकद आठव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे पोहोच एक-दीड मीटर. पाठीवरच्या सिलिंडरपासून स्वतःच्या मनगटापर्यंत, बस्स. मनगट वेडंवाकडं वळलं तर तेवढ्यातही आकडा गळतो, म्हणून ज्या हाताला कॉम्प्युटर, त्याच बाजूच्या एचपी पोर्टला (रेग्युलेटरच्या उच्च दाबाच्या तोंडाला) ट्रान्समीटर लावतात.

मग १० मीटर आलं कुठून? तो आकडा गार्मिनच्या डिसेंट टी१ सारख्या ट्रान्समीटरचा. ते सोनारवर, म्हणजे आवाजाच्या लहरींवर चालतात आणि त्यांत सोबत्याच्या सिलिंडरमधली हवा खरोखर दिसते. पण त्यांना त्याच कंपनीचा जुळणारा कॉम्प्युटर लागतो. ‘कोणत्याही’ हा शब्द रेडिओवाल्यांनाही लागू नाही, सुंटो कंपनीच्या ट्रान्समीटरची भाषाच वेगळी. विक्रेत्याने एका जातीची रेंज दुसऱ्या जातीच्या नावावर खपवली.

दुसरी चलाखी रंगाची. बॅटरीच्या झाकणाच्या आट्यांवर नख फिरवलं तर पिवळ्याखालून करडा रंग निघाला. रंग दिसण्यापुरता नसतो. या जुन्या पद्धतीच्या ट्रान्समीटरमध्ये करड्याचा आणि पिवळ्याचा संदेश पाठवण्याचा कालावधी मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. दोन्ही करडे असले की कधीतरी दोघांचे संदेश नेमके एकाच क्षणी सुटतात, एकमेकांवर आदळतात, आणि कालावधी जवळपास सारखाच असल्याने ही गाठ लवकर सुटत नाही. २० मिनिटांहून जास्त वेळ दोन्ही आकडे गायब राहू शकतात. बडीला चिकटून पोहणाऱ्या जोडीला हे भोवू शकतं. (शिअरवॉटर स्विफ्टसारखे नवे ट्रान्समीटर आजूबाजूचे संदेश ऐकून स्वतःची वेळ सरकवतात, त्यांना हा त्रास नाही.)

संदेश तुटला तरी आकडा लगेच पुसला जात नाही. बरेच कॉम्प्युटर शेवटचा आकडा थोडा वेळ तसाच ठेवतात, मग रंग बदलतात किंवा रेघा दाखवतात. २० मीटर खोलीवर दाब तिप्पट. पाण्याबाहेर मिनिटाला २० लिटर हवा ओढणारा माणूस तिथे ६० लिटर ओढतो, म्हणजे ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमधून मिनिटाला सुमारे ५.४ बार. दीड मिनिट जुना आकडा ८ बारने चुकलेला असतो. २० मिनिटांत १०८ बार गेलेले असतात, अर्ध्याहून जास्त सिलिंडर.

तिसरी गोष्ट साध्या गेजने (दाबमापकाने) उघडी पडली. त्याच फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरच्या सिलिंडरला बसणाऱ्या भागाच्या) दुसऱ्या एचपी पोर्टला काट्याचा गेज लावून पर्ज बटणाने हवा सोडत गेलं की २०० ला दोन्ही जुळत होते. १०० ला फरक दिसू लागला आणि काटा ३० वर आला तेव्हा ‘पिवळा’ ५० सांगत होता. वर निघायचा आकडा ५०, आणि खरे उरलेले ३०! व्हिडिओ भरलेल्या सिलिंडरवर का काढला होता, ते इथे कळतं. बॅटरीच्या खणात हिरवट पापुद्रा होता, ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) चपटी झालेली. खारं पाणी आत जाऊन आलेलं.

सेकंडहँड घ्यायचाच तर आपला कॉम्प्युटर आणि रेग्युलेटर घेऊन समोर जा. ट्रान्समीटरच्या अंगावर कोरलेला नंबर कॉम्प्युटरमध्ये टाका. नंबरावर वेगळं लेबल चिकटवलेलं असेल तर तिथूनच परत फिरा. व्हॉल्व्ह हळू उघडा. गेजशी तुलना २००, १००, ५० आणि ३० ला करा, फक्त भरलेल्या सिलिंडरवर नको. जोडी असेल तर दोन्ही सुरू ठेवून अर्धा तास आकड्यांवर नजर ठेवा, चहा होतो तेवढ्यात. दाबाखाली असतानाच बादलीत बुडवून बुडबुडे बघा. प्लॅस्टिक आणि धातू जुळतात तिथे बारीक चीर असते का तेही पाहा: लोक ट्रान्समीटरला मूठ समजून सिलिंडर उचलतात, किंवा पान्याऐवजी प्लॅस्टिक पकडून आवळतात.

पैशांचं म्हणाल तर माल पोचलेला असल्यामुळे विक्रेता ‘मी पाठवलं की’ म्हणून हात वर करतो. जाहिरात, चॅट आणि रेंजचा दावा यांचे स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच काढून ठेवा, आणि पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ. पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. इथे ती जाहिरात दुसऱ्याच दिवशी काढली गेली.

नंतर पुन्हा तशीच एक दिसली. तेच टेबल, तेच दोन सिलिंडर. रेंज आता १२ मीटर.