एडिटर नेमकं कोणतं व्हर्जन तपासतोय? तीन वाटांची तुलना

एडिटरमध्ये एकही लाल रेघ नाही आणि सर्व्हरवर फाइल लोडच होत नाही. माझ्या बाबतीत कारण निघालं एक एफ-स्ट्रिंग (मजकुरात थेट व्हेरिएबल घालायची पायथनची सोय): बाहेर दुहेरी अवतरणचिन्हं आणि आत डिक्शनरीच्या की-लाही दुहेरीच. पायथन 3.12 पासून हे चालतं, त्याआधी सरळ सिंटॅक्स एरर. लॅपटॉपवर 3.12 होतं, सर्व्हरवर 3.10. एडिटरचं काही चुकलं नव्हतं, तो 3.12 च्या नजरेने बघत होता.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे एडिटरमध्ये इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारं पायथन, निवडणं. व्हीएस कोडमध्ये 'सिलेक्ट इंटरप्रिटर', की झालं. पायएन्व्हसारखा व्हर्जन मॅनेजर जोडीला घेतला तर प्रोजेक्टच्या फोल्डरमधली एक छोटी फाइलच सांगते की इथे 3.10 वापरायचं. एकट्याचा प्रोजेक्ट असेल आणि तो एकाच सर्व्हरवर चालणार असेल तर सर्व्हरचंच व्हर्जन लॅपटॉपवर घ्या. पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल. अडचण येते टीममध्ये. इंटरप्रिटरचा पाथ ज्याच्या त्याच्या मशीनचा, आणि नवीन माणूस ती निवड करायला हमखास विसरतो.

दुसरी वाट मला जास्त आवडते, आणि ती फार कमी जण वापरतात: चालवायचं व्हर्जन एक, तपासायचं दुसरं. व्हीएस कोडमधल्या पायलान्स या पायथन एक्स्टेन्शनच्या पोटात पायराइट हा कोड तपासणारा प्रोग्राम आहे. त्याला वेगळं काही सांगितलं नाही तर तो निवडलेल्या इंटरप्रिटरचंच व्हर्जन धरतो. कॉन्फिग फाइलमध्ये 'पायथनव्हर्जन' 3.10 लिहिलं, की मशीनवर 3.12 असूनही त्या एफ-स्ट्रिंगखाली रेघ येते. पायथनच्याच 'डेटटाइम' मॉड्यूलमधून 'यूटीसी' इम्पोर्ट केलं तर तेही पकडलं जातं, कारण ते 3.11 मध्ये आलं. रफ हा दुसरा तपासनीस तर किमान व्हर्जन प्रोजेक्टच्या पायप्रोजेक्ट फाइलमधल्या 'रिक्वायर्स-पायथन'वरून स्वतःच उचलतो. पायचार्म या एडिटरमध्ये याहून सोयीचं आहे: कोड कंपॅटिबिलिटी इन्स्पेक्शनमध्ये एकाच वेळी अनेक व्हर्जन्सवर टिक करता येते. लायब्ररी लिहिणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

मर्यादा एकच, पण मोठी. बाहेरून घेतलेली पॅकेजेस मात्र मशीनवर जी इन्स्टॉल आहेत तीच बघितली जातात. सर्व्हरवर त्यांचं जुनं व्हर्जन असेल तर ही तपासणी गप्प बसते.

जावावाल्यांनी हसू नये. नव्या जेडीकेवर (जावाच्या डेव्हलपमेंट किटवर) कम्पायलरला सोर्स आणि टार्गेट 8 दिलं तरी 'लिस्ट डॉट ऑफ' एरर न देता कम्पाइल होतं. ती मेथड जावा 9 ची, त्यामुळे जावा 8 वर चालवताना फटका बसतो. सोर्स फक्त भाषेचं व्याकरण बघतो. 'रिलीज' हा पर्याय दिला तरच एपीआयही, म्हणजे त्या व्हर्जनमध्ये कोणत्या मेथड आहेत हेही, तपासली जाते.

तिसरी वाट डेव्ह कंटेनरची. एडिटरची खिडकी तुमच्या मशीनवर, पण इंटरप्रिटर, पॅकेजेस आणि तपासणारा लँग्वेज सर्व्हर (पायलान्ससारखा) हे सगळं डॉकरच्या, म्हणजे मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या डब्याच्या, आत. सर्व्हरचीच इमेज (डब्याचा तयार साचा) घेतली तर वर सांगितलेली पॅकेजेसची फट बुजते, आणि नवीन माणसाने रिपॉझिटरी उघडली की सगळं तयार. किंमत म्हणजे रॅम, डिस्क आणि मॅकवर फाइल्सच्या वाचन-लेखनाचा जाणवणारा संथपणा. शिवाय एका कंटेनरमध्ये सहसा एकच व्हर्जन. चार व्हर्जन्सना पुरणाऱ्या लायब्ररीला याचा फारसा उपयोग नाही. तिथे दुसरी वाट धरा आणि जोडीला प्रत्येक व्हर्जनवर टॉक्स या टूलने टेस्ट चालवा.

टीम तीन-चार जणांची असेल आणि सिस्टीम लायब्ररींची भानगड नसेल तर मी कंटेनर घेणार नाही. व्हर्जनची फाइल आणि पायराइटचा कॉन्फिग, दोन्ही रिपॉझिटरीत कमिट करेन. डेटाबेसचे ड्रायव्हर किंवा सी एक्स्टेन्शन्स आली, की मग कंटेनर.