सीडी-डीव्हीडीवर चिकटवायची लेबले : घ्यावीत का?

घरातल्या जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवण्याचे काम मी २००७ साली हाती घेतले, तेव्हा गोल चिकट लेबलांचा एक संच विकत आणला होता. आजोबांची कीर्तने, आत्याच्या मंगळागौरीची गाणी अशा बावीस सीडी आणि भावाच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी तयार झाल्या होत्या, आणि एवढ्या मोलाच्या ठेव्यावर नुसते पेनाने खरडणे मनाला पटत नव्हते.

दिसायला हा संच खरोखर चांगला होता. ए-फोर कागदावर दोन लेबले, इंकजेट प्रिंटरवर ती सुबक छापली जात, आणि सोबतच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यामुळे लेबल बरोबर मधोमध बसे. मात्र एकदा टेकले की हलवायची सोय नाही. त्यामुळे दोन सीडींवर ते केसभर सरकलेले राहिले आणि एकीवर हवेचा बुडबुडा अडकला.

केसभर सरकण्याने काय बिघडते, असे तेव्हा मलाही वाटले होते. परंतु सीडी ५२ एक्स म्हणजे मूळ वेगाच्या ५२ पट वेगाने वाचली जाते तेव्हा ती मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते, आणि अशा वेळी कागदाचे वजन एका बाजूला किंचित जास्त असले तरी तबकडी थरथरते. माझ्या ड्राइव्हमध्ये त्या दोन्ही सीडी घरघर करत, वेग आपोआप उतरे आणि मगच गाणे सुरू होई.

खरी हानी मात्र सावकाश झाली. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर असली तरी माहिती साठवणारा रंगद्रव्याचा थर आणि त्यावरचा चकचकीत धातूचा थर हे दोन्ही वरच्या, म्हणजे आपण लेबल लावतो त्याच बाजूला असतात, आणि त्यांच्यावर लाखेसारख्या पातळ लेपाखेरीज दुसरे संरक्षण नसते. बुडबुड्याच्या सीडीवरचे लेबल कडेने सुटू लागले म्हणून मी ते हलकेच सोलायला गेलो, तर कागदाबरोबर नखाएवढा चंदेरी पापुद्रा उठून आला आणि त्या जागी तबकडी आरपार दिसू लागली. त्या सीडीवरच्या कीर्तनाचा उत्तररंग कायमचा गेला. मूळ कॅसेट मी आधीच टाकून दिली होती, याचे आजही वाईट वाटते.

डीव्हीडीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्यांच्या मध्ये सुरक्षित असते, त्यामुळे लेबल सोलल्याने ती उखडत नाही. पण डीव्हीडीवरच्या खुणा सीडीपेक्षा फार बारीक असल्याने तबकडी जराशी वाकली तरी वाचनात चुका होतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो आणि तबकडीला ओढ बसते. लग्नाच्या तीनपैकी एक डीव्हीडी आता शेवटच्या वीस मिनिटांत अडखळते.

अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने सीडी-डीव्हीडींच्या निगेविषयी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही चिकट लेबले वापरू नयेत असेच सांगितले आहे. ती मी वेळेवर वाचायला हवी होती.

तेव्हा जपून ठेवायच्या तबकड्यांसाठी ही लेबले मुळीच घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चार दिवसांपुरत्या वाटायच्या सीडीवर लावली तर हरकत नाही. फक्त गाडीतल्या, तबकडी फटीतून आत ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये अशा सीडी घालू नयेत, कारण उन्हाने गोंद सैल होऊन लेबल आत अडकू शकते. शोभा हवीच असेल तर थेट छपाई करता येणाऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाच्या तबकड्या घ्याव्यात. एरवी पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनाने, शक्यतो भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर, एखादा क्रमांक लिहावा आणि बाकीचा तपशील डबीतल्या कागदावर. बॉलपेन वापरू नये, त्याचे टोक रुतते.

ज्यांनी लेबले आधीच लावली आहेत त्यांनी ती तशीच राहू द्यावीत आणि तबकडी अजून वाचता येते आहे तोवर तिची प्रत काढून घ्यावी. माझ्या उरलेल्या एकवीस सीडींच्या प्रती मी गेल्या महिन्यात कमी वेगाने वाचून हार्ड डिस्कवर उतरवल्या. मंगळागौरीची गाणी पूर्ण निघाली.