शिंजीरच्या घरट्यासाठी पक्षीमित्रांना फोन केला, भुसावळचा अनुभव

5 पैकी साडेचार देतेय. अर्धा कापला कारण दुपारी पहिले तीन फोन उचललेच नाही, नंतर कळलं की पक्षीमित्र दादा ड्यूटीवर असतात न हे काम एक पैसा न घेता करतात, पण त्या दोन तासात आमचा जीव टांगणीला लागला होता.

झालं असं की गॅलरीत कपड्यांच्या तारेला शिंजीरने (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, सनबर्ड) घरटं केलं, लांबोळकं, थैलीसारखं लोंबतं, वाळकी पानं न सालपटं कोळ्याच्या जाळ्याने चिकटवलेली आणि बाजूच्या दारावर इवलंसं छप्पर पण. मादी दोनेक आठवडे आत बसून, नुसती चोच बाहेर. पिल्लं निघाली, पिसं फुटली न एक दिवस मादी दिसेनाच. रात्री टॉर्च मारली तर पिल्लं एकटीच. शेजारच्या आजी म्हणे, "पिलेसनी माय मरी गयी व्हई, साखरनं पानी पाज." दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं तर म्हणे खोक्यात घालून घेऊन या. मुलाने मोबाईलवर शोधलं तर सगळी माहिती हमिंगबर्डची!

दादांनी सगळ्यात आधी सांगितलं, ताई हात लावू नका. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेकडच्या खंडांत असतो, आपला शिंजीर वेगळ्या कुळातला, पण ही गोष्ट दोघांची सारखीच, पिल्लांना पिसं आली की आई उबवायला बसत नाही, भरवायला येते न काही सेकंदात निघून जाते. तिकडे पण लोक असंच घरटं टाकून दिलं समजून पिल्लं उचलून नेतात म्हणे. मग म्हणाले एक तास लांब बसून बघा, नजर हटवायची नाही, मोबाईल नाही न दूध बघायला किचनमध्ये पण जायचं नाही. मी पडद्याआड बसले. 22 मिनिटांनी ती आली, चोचीत बारीक कोळी, दोन पिवळ्या चोची उघडल्या, भरवलं न गेली, चार सेकंद पण नाही. मला रडूच आलं.

साखरपाण्याला त्यांनी साफ नाही म्हटलं, पिल्लांना किडे-कोळी लागतात, नुसत्या साखरेवर जगत नाही, आणि ड्रॉपरचं पाणी श्वासनळीत गेलं तर संपलंच. दुपारचं ऊन थेट येत होतं तर घरटं न हलवता वर लांबून ग्रीन नेट बांधायला लावली, आणि त्यानंतर मादी परत येते का तेही बघायला लावलं. पिल्लू खाली पडलं तर उचलून परत आत ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आई टाकत नाही. तासभर आई आलीच नाही न पिल्लं सारखी ओरडताय, किंवा मुंग्या लागल्या, गार पडली, तरच मी येतो, असं म्हणाले. तीन दिवस रोज संध्याकाळी स्वतःहून फोन करून विचारलं.

दुपारी दादांचा फोन लागला नाही तर वनविभागाचा 1926 टोल फ्री आहे. फोन करायच्या आधी लांबून एक फोटो काढा न आई शेवटची किती वाजता दिसली ते लिहून ठेवा, पहिलं तेच विचारतात.