सोळा मोडेम आणि एक पोर्टमास्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डायल-अपच्या, म्हणजे फोन फिरवून इंटरनेट जोडायच्या काळातली ही नोंद: सोळा फोन लाइन, प्रत्येकीवर एक मोडेम, आणि ते सगळे नेटवर्कला जोडणारा पोर्टमास्टर. परवा तिसरा मोडेम बंद पडला आणि अख्खी सेवा ठप्प झाली. पुढचे तेरा मोडेम रिकामे, तरी गिऱ्हाइकाला नुसती रिंग ऐकू येते. 'सी' वर्गाचा (लहान क्षेत्रापुरता) परवाना घेऊन जिल्ह्याच्या गावात आयएसपी, म्हणजे इंटरनेट सेवा, काढणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावं.

एक्स्चेंजचं हंटिंग (एकच नंबर फिरवला तरी गटातली मोकळी लाइन देण्याची सोय) पहिल्या नंबरापासून मोकळी लाइन शोधतं. मोडेम फोन उचलून अडकला तर लाइन एंगेज दिसते, कॉल पुढे सरकतो, तोटा एकाच लाइनचा. मोडेमने फोन उचललाच नाही तर ती लाइन मोकळीच धरली जाते. पहिल्या दोन भरल्या की पुढचा प्रत्येक कॉल तिथेच वाजत राहतो.

हे बहुतेक वेळा वीज जाऊन आल्यावर होतं. पुष्कळ मोडेम मूळचे एस०=० या सेटिंगचे असतात, म्हणजे आपणहून उत्तर देत नाहीत. एस०=१ (पहिल्या रिंगला उचल), &सी१, &डी३ आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल (कॉल तुटल्याचं पोर्टमास्टरला कळावं, मोडेम रीसेट व्हावा आणि डेटा तुंबू नये म्हणून) दिल्यावर &डब्ल्यू (सेटिंग साठवायची आज्ञा) दिलंच पाहिजे, नाहीतर वीज गेली की सेटिंगही गेलं. मग प्लग काढा, परत लावा आणि त्या लाइनचा स्वतंत्र नंबर फिरवा. रोज सकाळी सोळाही नंबर फिरवावेत. जो उचलत नाही त्या लाइनला साधा फोन लावून रिसीव्हर बाजूला ठेवा, हंटिंग ती लाइन ओलांडून पुढे जातं.

पोर्टमास्टर टू-ईबद्दल तक्रार शून्य. त्रास मोडेमच्या वीज ॲडॅप्टरचा: एकेक ठोकळा दोन सॉकेट अडवतो, सोळांसाठी बोर्डांची रांग लागते. मोडेम एकावर एक रचू नका, तापतात.

सुरुवातीला वाटलं होतं, पुढे ५६केचे (सेकंदाला ५६ किलोबिट) मोडेम घालू. ते मत बदललं. व्ही.९०चा, म्हणजे ५६केच्या मानकाचा, वेग मिळायला आयएसपीचं टोक एक्स्चेंजला डिजिटल जोडलेलं लागतं. साध्या लाइनवर कितीही महाग मोडेम लावा, ३३.६च्या वर जात नाही. म्हणून सोळा लाइनपर्यंत जुने ३३.६चे मोडेम घ्या, त्यापुढे थेट ई-वन पीआरआय (एक्स्चेंजची डिजिटल लाइन): एका केबलवर ३० कॉल. पोर्टमास्टर थ्रीमध्ये मोडेम आतच असतात, ॲडॅप्टरची कटकट संपते.

एका लाइनमागे आठ गिऱ्हाइकं, म्हणजे १२८, निभतात. रात्री दहाला मात्र एंगेज लागतोच. ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन (इंटरनेटकडे जाणारी कायम जोडलेली भाड्याची लाइन) सोळाजणांत वाटली तर वाट्याला ४ येतात, म्हणून स्क्विड (एकदा आलेली पानं साठवून परत देणारा प्रॉक्सी) चालवा आणि पैसे रॅमवर घाला. रेडियसला (गिऱ्हाइकाचं नाव-पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरला) जुनं पेंटियमही पुरतं.

पावसाळ्याआधी प्रत्येक लाइनला सर्ज प्रोटेक्टर लावा, अर्थिंग तपासा, आणि &डब्ल्यू केलेले दोन मोडेम कपाटात तयार ठेवा.